तीनदा पुकारा

आमच्या कोर्टातला पट्टेवाला पुकारा करायचा, तेव्हा नांदुऱ्याच्या फलाटावर लोक गाडी सुटली समजून धावत. मी वकिलाचा कारकून, शपथेवर सांगतो! गडी अंगाने चिपाड, आवाजाने तोफ.

त्या साली मालधक्क्यावरच्या दोन टोळ्यांच्या वैरात एकाचा खून पडला. पाहिला अख्ख्या बाजाराने, साक्षीला उभी राहिली एकटी भाजीवाली म्हातारी. तिला दारातूनच हुसकायला मारेकरी टोळीचा दादा कोर्टासमोरच्या निंबाखाली पुकाऱ्याची वाट पाहत बसलेला.

पट्टेवाला बाहेर आला. मागच्या भिंतीआड दडलेल्या म्हातारीजवळ उकिडवा बसला आणि रिवाजाप्रमाणे तीनदा, पण तिच्या कानात कुजबुजला, "हाजिर हो." मग म्हणाला, "चाल माय, माहा पट्टा धर. मी हावो ना."

म्हातारीने साक्ष दिली, वर धमक्या देणाऱ्या दादाचं नावही जजसाहेबांना सांगितलं.

पट्टेवाला तिला घेऊन बाहेर आला, तसा दादा गुरकावला, "काऊन बे, आज पुकारा नाई केला?"

"घसा बसला होता, भाऊ. आता सुटला."

आणि त्याने दादाच्याच नावाचा असा पुकारा केला, की निंबावर कावळा उरला नाही.

म्हातारीने मात्र त्याचा पट्टा अजून सोडला नव्हता, आणि तोही सोडवून घेत नव्हता.