टेशनवरचे सात टोले

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर हसता हसता अंगावर सांडाल. माझ्या हातून जे झालं नं, ते दुसरीच्या हातून झालं असतं तर मीच गावभर सांगत फिरली असती. माझ्याइतकी मूर्ख बाई अख्ख्या यवतमाळात सापडणार नाही, लिहून घ्या!

आपल्या इथं भर वस्तीत जुनं टेशन हाय नं, छोट्या गाडीचं? गाडी कवाचीच बंद पडली. रुळावर आता बकऱ्या बसतात. मी इतिहासाची बाई. म्हटलं, पोट्ट्यायले तिथंच नेऊन शिकवू. तं केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "मी पण येतो. जमलं तर तुमचा पाठ जिल्ह्याले दाखवू."

जिल्ह्याले! आठ दिवस मी आरशासमोर बडबड करून राह्यलती.

टेशनवर पोचलो अन् मी सुरू. इंग्रजाच्या काळात इथूनच कापसाच्या गठाणी जायच्या. गाडी एवढी हळू, का माणूस उतरून बोरं तोडून परत चढायचा. कोणी धावत येऊन राह्यला दिसला, तं ड्रायव्हर थांबायचा! साहेब मान डोलवून राह्यले. मले तं चेवच आला.

कडुलिंबाले रुळाचा एक तुकडा टांगला होता. म्हटलं, "पोरांनो, हीच टेशनची घंटा! गाडी आली का असे टोले द्यायचे." अन् देल्ले की मी गोट्यानं सात टोले. ठण्ण! ठण्ण!

एक मिनिट काहीच नाही. मंग गल्लीतून धपधप आवाज. पाहते तं काय! गुंड्या, बादल्या, ड्रम घेऊन बाया पळत सुटल्या! एकीच्या हाताले कणीक, एकीच्या डोक्याले मेंदी.

सगळ्यात पुढं शबानाभाभी, गॅरेजवाल्याची बायको. "हटो, पहला नंबर मेरा!"

"भाभी, झालं काय?"

"अरे मॅडम, टँकर आया ना! घंटी नही सुनी क्या?"

मायबाई! त्या तुकड्यावर आजकाल पाण्याचा टँकरवाला टोले देते!

शहाण्या बाईनं तिथंच कान धरले असते. पण बाजूले साहेब उभे! माझ्या तोंडून निंगालं, "हो हो, येऊनच राह्यला. लाइन लावा."

लाइन लागली. लाइनीत भांडण लागलं. माझ्या पोट्ट्यायनं पण वॉटरबॅगा काढून नंबर लावले!

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, हे पण पाठातच हाय काय?"

एवढ्यात शबानाभाभी कमरेवर हात ठेवून समोर. "मॅडम, टँकर किधर है? मै गॅसपे कुकर छोडके आई!"

काय करता? मान खाली घातली. "भाभी, टँकर नाही. मीच वाजवली घंटा. इतिहास शिकवून राह्यलती."

मंग लाइनीच्या शेवटून दोन गुंड्या घेऊन एक म्हातारी पुढं आली. पाहते तं आमच्या सासूबाई!

आमचं घर टेशनच्या मागच्याच गल्लीत. पण मी सकाळी सातले शाळेत, दुपारी परत. येते तवा माठ भरलेला, ड्रम भरलेला. रविवारी टँकरलेही सुट्टी. मले काय माहीत?

"आई, तुम्ही कायले आल्या? आपल्या घरी नळ हाय नं?"

सासूबाईनं गुंड्या खाली ठेवल्या. पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं पाहिलंच नाही, साहेबाकडं वळल्या.

"साहेब, गाडी कवा बंद पडली, थे इले तोंडपाठ हाय. घरचा नळ कवा बंद पडला, थो धडा अजून व्हायचा हाय."