शनिवारचं वाक्य

त्या शनिवारी माझ्या आईचं मरण फळ्यावर होतं.

ध्वजस्तंभाशेजारी, पांढऱ्या खडूनं, सुबक वळणदार अक्षरांत: 'माय मदर डाइड बाय कॉटन.' दर शनिवारी तिथे कुणाच्या तरी इंग्रजीतली चूक लिहितात. खाली नाव नव्हतं. नाव लिहीत नाहीत, म्हणून अपमान होत नाही, अशी आमच्या शाळेची समजूत. सगळी शाळा रांगांमध्ये उभी होती. ध्वनिक्षेपक खरखरला. प्राचार्या मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, आधी चूक ऐका, म्हणजे कान तयार होतो. मग साऱ्या पटांगणानं ते वाक्य एका सुरात म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी मागच्या रांगांतून हसू फुटलं आणि पुढच्या रांगांपर्यंत पसरत आलं. कापसानं बाई मेली! कापसानं कुणी मरतं का?

मला मंचावर बोलावलं गेलं. दुरुस्त वाक्य मी म्हणायचं होतं. मी म्हटलं. 'डाइड फ्रॉम कॉटन डस्ट.' टाळ्या वाजल्या.

हे वाक्य मी फळ्यासाठी उच्चारलं नव्हतं. आदल्या सोमवारी, आईला माती देऊन मी कामावर परतले तेव्हा प्राचार्या मॅडमनी मला कार्यालयात बोलावलं होतं. खुर्ची दिली. पाण्याचा पेला पुढे सरकवला. हातावर हात ठेवून विचारलं, आई कशानं गेली? शाळेच्या आवारात मराठी बोलायची मुभा फक्त मराठीच्या तासाला. मी मराठीची शिक्षिका. तास संपला की माझीही जीभ परकी होते. मी इंग्रजी शब्द चाचपडत होते. जो सापडला तो वापरला. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले. मला वाटलं, माझं दुःख त्यांच्यापर्यंत पोचलं. पोचलं होतं ते फक्त वाक्य.

आम्ही मिरजगावचे पिंजारी. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याची खोली, आत अब्बांचं पिंजण, नंतर पिंजायचं यंत्र. अब्बा गेल्यावर ते अम्मानंच चालवलं. जुन्या गाद्या उसवून ती कापूस मोकळा करायची आणि खोलीत पांढरं धुकं उतरायचं. तिच्या पापण्यांवर कापूस, ओठांच्या कडांवर कापूस. उन्हाची तिरीप आली की तिचा श्वाससुद्धा दिसायचा, तंतूतंतूंचा. "वैनी, गादी लई बसलीय, चार दिस उन्हात टाका," असं गिऱ्हाइकाला सांगताना मध्येच तिला खोकला यायचा. पदर तोंडाशी धरून ती वळायची आणि पुन्हा हसून बोलू लागायची. शेवटी शेवटी तिच्या छातीतून कोरड्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा आवाज येई. त्याच खोलीत गाठोड्याला टेकून मी मराठीत एम. ए. केलं. ओव्या, अभंग, गझला तिला वाचून दाखवल्या. तिला सगळंच कळायचं असं नाही. पण लय चुकली की तिची मान थांबायची.

ही माझी आई. शाळेनं तिचा धडा केला.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला. प्राचार्या आसपास नसल्या की इथे सगळे मराठीतच बोलतात. शेजारच्या मॅडम बिस्कीट बुडवत म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. गेल्या महिन्यात माझं 'रीच्ड टू होम' नव्हतं का? मी तर जाम हसले."

खिडकीपाशी बसलेले सर म्हणाले, "त्यांचं अवघडच आहे. मराठी त्यांची नाही, इंग्रजीही नाही. चुका होणारच की!"

सगळे हसले. सर चांगले आहेत. सणाला डबा आणतात. त्यांना यात विष दिसलं नाही, हेच अधिक जहरी होतं.

दाराशी झाडू घेऊन उभी असलेली मावशी मी बाहेर पडल्यावर हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या आईचं काय लिवलं हुतं फळ्यावर? पोरं का हसत हुती?"

 

त्या आठवड्यात मी हट्टानं इंग्रजीची पुस्तकं काढली. भूतकाळी क्रियापदं आणि त्यांच्या मागे लागणारी ती इवलीशी अव्ययं. 'लुक्ड' एकटं असलं तर नुसतं पाहिलं. मागे 'आफ्टर' लागलं की सांभाळलं. 'फॉर' लागलं की शोधलं. 'डाउन ऑन' लागलं की तुच्छ लेखलं. 'गेव्ह' म्हणजे दिलं. पण 'अप' आलं की सोडून दिलं, 'इन' आलं की शरण गेलं. नियम सापडत नव्हता. सापडत होती ती सवय, लहानपणापासून ज्यांच्या घरात ही भाषा पाण्यासारखी वाहिली त्यांची. आमच्या मराठीत प्रत्यय नामाला बिलगून असतो, कडेवरच्या लेकरासारखा. इथे तो सुटा, दूर उभा, आणि कुणाचा हात धरील याचा भरवसा नाही. मी पानंच्या पानं घोकली. जीभ कोरडी पडेपर्यंत. चीड भाषेवर नव्हती. मला ती भाषा यायला हवी होती, हवीच आहे. चीड होती ती दुसऱ्याच गोष्टीची: जो चुकतो त्याचं आयुष्यही फळ्यावर मांडायचा हक्क यांना कुणी दिला?

आणि पुढचा शनिवार आला.

आमच्या शाळेत एक रीत आहे. गेल्या आठवड्यात ज्याची चूक झाली, त्यानं या आठवड्याची चूक सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. म्हणजे मागचं ओझं उतरतं, असं म्हणतात. मोठ्या हौशीनं उतरवतात लोक. मी पाहिलेलं आहे.

फळ्यावर होतं: 'माय फादर लेफ्ट फ्रॉम अस.'

आठवीतली मुलगी. पारनेरकडची, मामाकडे राहून शिकणारी. इंग्रजीच्या तासाला कुटुंबाविषयी बोलायला सांगितलं, ती बोलली. बाप दुसरं घर करून गेला, हे तिनं वर्गाला विश्वासानं सांगितलं होतं. आता ती मंचाच्या पायरीशी उभी होती. रिबिनीचं टोक दातांत धरलेलं. कानांच्या पाळ्या लाल. चूक अगदी साधी होती. मधला एक शब्द गाळला की वाक्य शुद्ध. बाप तेवढा तसाच गेलेला.

ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला. गार, जड धातू. "नाऊ यू लीड," मॅडम म्हणाल्या.

रांगांनी श्वास भरून घेतला. म्हणायला तयार.

मी मराठीत बोलले. "हे वाक्य मी म्हणवून घेणार नाही. हे हिच्या घराचं आहे. शिकवायचं असेल तर वर्गात शिकवू, वाक्य दुसरं घेऊ."

"इंग्लिश प्लीज," मॅडम हसत म्हणाल्या. हसू अजून ओठांवर होतं.

मी तेच इंग्रजीत सांगितलं. अव्ययं चुकली असतील. थांबले नाही. मग फळ्यापाशी गेले आणि तळहातानं ते वाक्य पुसलं. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती रांगेत धावत गेली आणि तिच्या शेजारच्या मुली थोड्या बाजूला सरकल्या. मी कुणाला वाचवलं, असं मला म्हणता येत नाही.

कार्यालयात या वेळी खुर्ची नव्हती. "तुम्ही कंत्राटी आहात, हे लक्षात आहे ना?" मॅडमनी शुद्ध, गोड मराठीत विचारलं. "एक तर पुढच्या शनिवारी माफी मागून वाक्य म्हणवून घ्या. नाही तर राजीनामा द्या. मुकाट्यानं. म्हणजे तुमचं नाव तरी खराब होणार नाही."

"दोन्ही करणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"माफी मागणार नाही. राजीनामाही देणार नाही. काढायचं तर तुम्ही काढा. पण मुकाट्यानं नाही. पटांगणात, पालकांना बोलावून, कारण सांगून काढा."

आज शुक्रवार. अजून त्यांनी मला काढलेलं नाही. घरात शिजेल ते या पगारावरच शिजतं, मला माहीत आहे. नगर शहरात दुसरी नोकरी सहज मिळत नाही, तेही माहीत आहे. उद्या मी शाळेत जाणार आहे. मंचाच्या अगदी समोर, पहिल्या रांगेत उभी राहणार आहे. फळ्यावर कुणाच्याही घरातलं वाक्य असेल तर मी ते पुसणार आहे. परवानगी न विचारता. त्यांनी पुन्हा लिहिलं तर पुन्हा.