एकाच हाताचं अक्षर

"हे कोणी लिहिलं?"

पोलीस नाक्यावरच्या साहेबाने माझी पिशवी बसच्या पायरीवर उलटी केली होती. साबण, ओढणी, आतले कपडे, सगळ्या गाडीसमोर. त्यातून निघालेले कागदांचे दोन गठ्ठे त्याने उचलले. दोन्ही अगदी सारखे. मथळे लाल शाईत, कार्बनच्या प्रतीतही मी वेगळे गिरवलेले.

"मीनंच लिवलं जी," मी म्हणाले. "केमिस्ट्रीचं पुस्तक आहे."

"पुस्तक असं असतं का?"

गाडीत कोणी हसलं नाही. सन दोन हजारच्या आसपासचा काळ. गडचिरोलीहून आमच्या गावाकडच्या रस्त्यावर तेव्हा झाडांना नक्षल्यांची पत्रकं चिकटवलेली सापडायची. लाल अक्षरं, कार्बन लावून काढलेली. सकाळी पत्रक सापडलं की संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलला जायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मथळे लाल केले की लवकर सापडतात आणि कार्बन लावला की एका मेहनतीत दोन पुस्तकं होतात, एवढंच डोक्यात होतं. मूर्खच होते मी.

पुस्तक विकत घेणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. बाप बांबू तोडायला जायचा, माय मोहफुलं वेचायची. बीएस्सीच्या माझ्या वर्गात स्वातीकडे ते पुस्तक होतं. तिचे वडील तेंदूपत्त्याचे ठेकेदार. शनिवारी ती पुस्तक द्यायची, सोमवारी परत घ्यायची. बदल्यात मी तिचं प्रॅक्टिकलचं जर्नल लिहून द्यायचे. असं पावसाळाभर होस्टेलच्या खाटेवर बसून मी अख्खं पुस्तक उतरवलं. बोटाला घट्टा पडला. कार्बनखालची प्रत इंदूची. ती शेजारच्या गावची, माझ्याच वर्गातली. कागद तिने आणले होते. ताप आला म्हणून ती आधीच घरी गेली होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी तिची प्रत तिला द्यायला निघाले होते.

साहेबाने मधलंच एक पान ओढलं. "नायट्रेट. बॉम्बला लागतं ते. तुला कशाला लागतं?"

"परीक्षेले लागते."

थोबाडीत बसली. कान सुन्न झाला.

कंडक्टर म्हणाला, "साहेब, कालेजची पोरगी आहे जी ते." त्यालाही खाली उतरवून उभं केलं.

स्वाती त्याच गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. मी तिच्याकडे बोट केलं. म्हटलं, हिला विचारा, माझ्या वर्गात आहे.

स्वाती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले नाई मालूम."

तोवर मी घाबरलेली होते. आता राग आला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"तिची बॅग उघडा. जर्नल आहे आत. त्याच्यात हेच अक्षर आहे, माझंच."

साहेबाने बॅगेकडे बघितलंही नाही. "त्यांची बॅग कशाला उघडायची? ठेकेदारसाहेबांची मुलगी आहे ती."

एकच हात. एकच अक्षर. तिच्या बॅगेत तो अभ्यास. माझ्या पिशवीत तो गुन्हा.

मग तो जवळ आला. आवाज एकदम मऊ. "दुसरी कॉपी कोणाला द्यायची होती? नाव सांग आणि जा घरी."

नाव घेतलं असतं तर जीप थेट इंदूच्या दारात गेली असती. जीपमधून नेलेली माणसं कशी परत येतात, मी पाहिलं होतं. काही येतच नाहीत, तेही.

"दोन्ही माझ्याच आहेत."

"दोन कशाला लागतात?"

"एक तुमी ठेवून घ्यान म्हणून."

पुन्हा थोबाडीत बसली. दोन्ही गठ्ठे त्याने ठेवून घेतले. गाडी मला न घेताच गेली. मी जंगलातून पायी निघाले. मागे जीप होती, माझ्याच चालीने. ती पुढेही गेली नाही, थांबलीही नाही.

त्या हिवाळ्यात ती जीप गावात तीनदा आली. दर वेळी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. माय म्हणाली, "सोड ते कालेज, बाई." मी सोडलं नाही. स्वातीचं जर्नल मात्र सोडलं. लायब्ररीतली एकुलती एक प्रत घरी मिळायची नाही, म्हणून रोज तिथेच बसून पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. इंदूसाठीही.

तो साहेब कोण होता, मला आजही माहीत नाही. छातीवरची नावाची पट्टी त्याने काढून ठेवली होती. माझं नाव, बापाचं नाव, गाव मात्र त्याने लिहून नेलं. आता माझ्या पिशवीला कोणी हात लावायला आला की मी आधी विचारते, नाव काय तुमचं? आणि तो बघत असतानाच लिहून घेते.