पिंगळ्याचा डावा खांदा

कटिंगच्या टेबलाखाली आमच्याकडे एक गोणी असते. कापताना उरलेले तुकडे तिच्यात टाकायचे. सकाळी ती रिकामी असते आणि संध्याकाळी तिचं तोंड बांधता येत नाही. किश्शांचंही तसंच आहे बघा. आपण खाली मान घालून टाके घालत असतो आणि ते आपोआप पायाशी जमत जातात. गोणी निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून आज तुमच्यापुढे ओतते.

आमचा गाळा अंधेरीला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. आम्ही सिनेमाचे कपडे शिवतो. मी हातशिलाई करते, म्हणजे मशीन जिथे पोचत नाही तिथे माझी सुई. शेजारी कल्पना, घाटकोपरची, तोंडाने फटकळ आणि हाताने सफाईदार. आणि आम्हा दोघींवर बाबल मास्तर. कटिंग त्यांचं. वडील गिरणीकामाला मुंबईत आले, मास्तर इथेच वाढले, पण जीभ अजून मालवणातच आहे.

आता 'पिंगळा'. हा सिनेमातला सुपरहिरो. अंगभर करड्या पिसांचा पोशाख, तोंडावर मुखवटा, आणि कुठल्याही घरावर संकट यायचं असलं की हा आधीच दारात येऊन उभा राहतो. पहिले दोन सिनेमे दिगंतने केले. दोन्ही पोशाख आमच्या गाळ्यातले. दुसरा सिनेमा गाजला आणि पुढे काही महिन्यांत दिगंत झोपेतच गेला. तरणाताठा माणूस!

तिसऱ्या सिनेमासाठी मुलुंडचा निनाद घेतला. तोवर तो एका मालिकेत हिरॉइनच्या धाकट्या दिराचं काम करायचा. दिराचं! मग काय, फॅन लोक खवळले.

*

नव्या पोशाखातला पहिला फोटो आला तेव्हा आम्ही जेवत होतो. कल्पनाने डबा बाजूला सारला आणि फोनवरच्या कॉमेंटी मोठ्याने वाचायला लागली.

"'सोललेली कोंबडी!'"

"'वहिनीच्या पाया पडणारा दीर जगाला वाचवणार! जगाची वाट लागली!'"

"'हा पिंगळा नाय, आमच्या सोसायटीच्या ग्रीलवरचा कबुतर हाय!'"

मास्तर घास तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "एकेक पीस हातान लावलंय मी. कबुतर म्हणे! डोळे तपासून घे म्हणा!"

आम्ही हसलो. कल्पना कॉमेंटींत आणखी खाली गेली. फोन माझ्यासमोर धरला. "ताई, हे वाचा."

कुणीतरी एवढंच लिहिलं होतं : "डावा खांदा बघा. भाऊ परत आला."

फॅन लोकांचा 'भाऊ' म्हणजे दिगंत, आणि त्याचा डावा खांदा उतरलेला होता. पहिल्या सिनेमात उंचावरून पडला तेव्हापासून. त्यामुळे तो नुसती मान वळवायचा नाही. आधी डावा खांदा वळायचा, मग मान. फॅन पोरं त्याची तशीच नक्कल करायची. निनादचे खांदे सरळ, अगदी पट्टीने आखल्यासारखे.

मी फोटो मोठा करून पाहिला. डावा खांदा खाली होता.

मास्तरांनी अर्धा भरलेला डबा बंद केला आणि कटिंगच्या टेबलाकडे निघून गेले.

*

हे कसं झालं ते सांगण्याआधी आमची पद्धत सांगते. प्रत्येक मोठ्या नटाच्या अंगाची आम्ही एक डमी बनवतो. साधं लाकडी धड, त्यावर कापूस आणि कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. माणूस जाड झाला की थर चढवायचा, बारीक झाला की उतरवायचा. आणि माणूस गेला की मास्तर ती डमी सोडतात. पट्ट्या उलगडतात, कापूस पिशवीत भरतात आणि आरे कॉलनीत एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ठेवून येतात. पाखरं घरट्याला नेतात. तो कापूस ते कधी उशीतसुद्धा भरू देत नाहीत.

दिगंतची डमी मात्र त्यांनी सोडली नव्हती. मी एकदा आठवण करून दिली तर म्हणाले, "बघुया." मी पुन्हा विचारलं नाही.

गाळ्यात त्या डमीला कुणी दिगंतची म्हणायचंच नाही. सगळे म्हणायचे 'पिंगळ्याची डमी'. नवी ऑर्डर आली, "पिंगळ्याचा पोशाख हवा, घाई आहे." मास्तरांचा हात सवयीने त्या डमीकडे गेला. कापड तिच्यावर चढलं, टाचण्या लागल्या, कात्री चालली. निनादचं माप घ्यायचं राहूनच गेलं. मास्तर मला म्हणायचे तुझ्याकडे आहे, मला वाटायचं त्यांच्याकडे आहे!

*

ट्रायलच्या दिवशी आमचा जीव मुठीत. मेलेल्या माणसाच्या मापावर कापलेला पोशाख जिवंत माणसाला व्हायचा कसा?

निनाद ट्रायल रूममधून बाहेर आला. पोशाख असा बसला होता, जणू त्याच्याच अंगावर उगवला होता. मास्तर त्याच्याभोवती दोनदा फिरले. "आल्टर काय नाय," म्हणाले.

निनाद साधा मुलगा. मला म्हणाला, "मावशी, मस्त झालंय हो! पण माझं माप कधी घेतलंत?"

मी टाचण्यांच्या डबीत डोकं घातलं.

"आणि आतून गरम कसा काय लागतोय? आत्ताच कुणीतरी अंगातून काढून ठेवल्यासारखा."

कल्पना पटकन म्हणाली, "इस्त्री केली ना आत्ता! म्हणून."

निनाद "अच्छा" म्हणून आरशाकडे वळला. त्या दिवशी आमचा इस्त्रीवाला सुट्टीवर होता.

*

मग मोर्चा आला! मोर्चा म्हणजे मूठभर माणसं आणि एक फलक, 'दीर नको, दिगंत हवा'. कुणीतरी आमच्या गाळ्याचा पत्ता शोधून काढला होता. पुढे तांबे नावाचे गृहस्थ होते, बोरिवलीचे, फॅन क्लबचे अध्यक्ष. बँकेत नोकरी, इन केलेला शर्ट, खिशाला पेन, आणि छातीवर पिंगळ्याचा बिल्ला.

कल्पना दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, घरी मुलंबाळं आहेत ना? मग इथे काय पिसं मोजायला आलात?"

"मॅडम, हा भावनेचा प्रश्न आहे!" तांबे म्हणाले, "आमचा भाऊ गेला आणि तुम्ही त्याचे कपडे कुणालाही..."

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. कल्पनाच्या खांद्यावरून त्यांना आत कोपऱ्यात डमी दिसली होती. पाठमोरी, पोशाख चढवलेली, डावा खांदा उतरलेला.

तांब्यांनी फलक भिंतीला टेकवला. खाली वाकले, बुटाच्या लेस सोडल्या आणि बूट काढून हात जोडले. "भाऊ," म्हणाले, "आम्हाला माहीत नव्हतं. चुकलं."

सगळे परत गेले. कल्पना कुणाचं काही मानत नाही. "आपल्याला बाबासाहेबांनी डोकं दिलंय वापरायला," असं नेहमी म्हणते. पण त्या दिवसापासून ती डमीकडे पाठ करून बसत नाही. विचारलं तर म्हणते, "तिकडे उजेड चांगला येतो."

*

आणि वारं फिरलं! जी माणसं कोंबडी-कबुतर म्हणत होती, तीच आता लिहायला लागली, "तोच आहे", "चाल बघा, तोच", "मुखवट्यामागे भाऊच आहे". सिनेमावाले खूश. आम्हाला मिठाईचा डबा आला. मास्तरांनी एक तुकडासुद्धा खाल्ला नाही.

मिठाईच्या पाठोपाठ निनादची आई आली. मुलुंडहून एकटीच. पिशवीत घरचे कोथिंबिरीच्या वड्यांचे पुडे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही पण आई असाल. खरं सांगा, त्या कपड्यात तुम्ही काय घातलंय?"

"काही नाही हो. कापड, अस्तर, पिसं."

"त्याचा खांदा दुखतो. डावा. लहानपणापासून कधी पडला नाही, झडला नाही. आता डाव्या कुशीवर झोपत नाही. डॉक्टर म्हणतात काही नाहीये." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "ते पण सोडा. परवा घाटकोपरला मॉलमध्ये गेलो होतो. पोरांनी मागून हाक मारली, 'दिगंतभाऊ!' मी म्हटलं, याला वाईट वाटेल. तर हा वळला. वळून हसला. मग मी 'निनाद' म्हणून हाक मारली, ताई. मी, त्याची आई. दोनदा मारली."

"मग?"

"नाही वळला."

*

मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते कात्री पुसायला लागले.

"तेच्या आंगाचा माप माझ्या हातात आसा, वंदना," शेवटी म्हणाले. "तो येऊन माझ्याच स्टुलार बसायचो. माझ्याच कपातली चाय पियाचो. तो कापूस काढलंय तर तो खरोखरच गेलो असा होतला."

 कल्पना बोलली. "मास्तर, गेलेल्याला धरून बसलात. आणि आहे त्याची आई वड्या घेऊन दारात येते. बरं दिसतं का?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "बोलव त्या पोराक."

निनाद दुपारी आला. मास्तरांनी आधी डमीवरचा पोशाख उतरवला, मग पट्ट्या उलगडायला लागले. मी कापूस पिशवीत भरत होते. थरावर थर निघत होते. निनाद शेजारी उभा, डावा खांदा खाली.

"सरळ उभो रव."

"सरळच उभा आहे मास्तर."

डाव्या खांद्याचा शेवटचा थर मास्तरांनी आम्हाला काढू दिला नाही. स्वतः ओंजळीत घेतला, क्षणभर धरला आणि पिशवीत सोडला. मागे निनादने मोठा श्वास घेतला. "हलकं वाटतंय एकदम! काय केलंत?"

मी पाहिलं. दोन्ही खांदे सरळ, पट्टीने आखल्यासारखे. मास्तरांनी टेप लावली आणि त्या मुलाचं पहिल्यांदा माप घेतलं. मध्येच थांबून स्वतःचा खांदा चोळला.

"काय झालं मास्तर?"

"वय झाला गो. आणि काय!"

*

कापसाची पिशवी मास्तरांनी आरेत नेली, नेहमीच्या झाडाखाली मोकळी केली. कल्पनाची बहीण तिकडेच राहते. पुढे काही दिवस कल्पना बसमधून जाता-येता बघायची.

"ताई, कापूस तसाच आहे."

"घरट्यांचे दिवस नसतील."

"शेजारच्या झाडावर घरटं बांधतायत. सुतळी नेली, प्लॅस्टिक नेलं. कापसाला चोच नाही लावत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्यात नाही मानत असलं काही."

आमच्यात मानतात. म्हणून मी खाली मान घालून टाका घातला.

*

नवा पोशाख नव्या डमीवर कापला, निनादच्या मापाचा. दुसरा फोटो आला आणि पुन्हा पाऊस पडला शिव्यांचा. "खांदा चुकला!" "हा कोण आणलात?" "दीर परत आला!" पण त्यात कुठल्यातरी लहान मुलाने लिहिलं होतं, "मला हाच आवडला. हा आमच्या दादासारखा दिसतो." निनादच्या आईने तेवढीच कॉमेंट मला पाठवली, खाली हात जोडलेले. मी दोनदा वाचली आणि सुईत दोरा ओवताना मला दिसेनासं झालं.

त्याच आठवड्यात तांबे आले. या वेळी एकटेच, फलकाशिवाय. निनाद पोशाखाच्या दुसऱ्या जोडाच्या ट्रायलला आलेला होता, स्टुलावर बसून फोन बघत होता. तांब्यांनी बूट घालूनच आत पाऊल टाकलं. नव्या डमीसमोर उभे राहिले, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इथे नाहीये," म्हणाले.

मग निनादकडे पाहिलं. मान हलवली. "इथेही नाही."

"नाही ना? मग निघा आता," कल्पना म्हणाली.

तांबे निघालेच होते. दारापाशी थबकले. मास्तर आमच्याकडे पाठ करून टेबलावर खडूने आखत होते. तांबे त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. बराच वेळ. मग हळूच खाली वाकले आणि बुटाच्या लेस सोडायला लागले.

"दिगंतभाऊ?"

निनादने फोनमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

मास्तर वळले. आधी डावा खांदा, मग मान.