ओळखीची कोळीण

सरांनी छडीच्या टोकानं तिची हनुवटी वर केली.

"बघा. कोरलेला मुखवटा. मागे विचार नाही, म्हणून रेषा स्वच्छ. पॅरिसच्या चित्रकारांना आफ्रिकेचे मुखवटे लागले. आपल्याला गोराईच्या कोळीवाड्यातच मिळाला."

पोरं हसली. मीही हसले.

स्टुलावर बसलेली ती कोळीण माझी आई होती.

ऐंशीच्या दशकातलं अंधेरीचं आमचं कलाविद्यालय. सर वर्षभर कलेच्या इतिहासाच्या स्लाइड दाखवत होते. रेनेसान्सच्या मॅडोना, बाळ येशूला घेतलेल्या मेरी, आल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. "मातृत्व म्हणजे काय, ते इथे बघा." निळं वस्त्र, मांडीवर बाळ. मी वाक्यन् वाक्य वहीत उतरवून घ्यायचे. मग मॉडर्निझम आला. सर म्हणाले, "आता आदिम चेहरा हवा. मॉडेल म्हणून बसेल अशी कोळीण आहे कुणाच्या ओळखीत?"

सगळे माझ्याकडे वळले. गोराईहून मी एकटीच यायचे.

"आहे एक. आमच्या शेजारची."

वर्गात मी आई शिवणकाम करते असं सांगून ठेवलं होतं. आता मागे कसं फिरणार? आणि माझ्यासाठी बाजार बुडवून दुसरी कोण आली असती?

घरी आईला म्हटलं, "आय, तिथं ओळख दाखवू नको."

ती पाटीत बोंबील लावत होती. मान वर केली नाही. "नाय दाखवत. तू पास हो म्हंजे झालं."

तिनं शब्द पाळला. छडी हनुवटीला लागलेली, आणि तिनं मलाच विचारलं, "ताई, बराबर हाय ना?"

ताई. घरी मला बाय म्हणणारी.

माझ्या कागदावर मुखवटा तयार होता. मीच काढलेला. जरा आधी सर मागे उभं राहून म्हणाले होते, "झकास. वर्गात सगळ्यात चांगला."

पेन्सिल खाली ठेवली.

"सर, छडी काढा."

"काय गं?"

"छडी काढा. ती माझी आय आहे."

सर ओशाळले नाहीत. हसले. "अगं, मग आधी सांगायचंस ना! दुसरी आणली असती."

दुसरी. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी आई. बाई चुकीची आणली गेली, एवढंच त्यांना वाटलं.

"दुसरीपण बसणार नाही," मी म्हणाले. आईचा हात धरला.

जिन्यात ती म्हणाली, "आता नापास करतील गं तुला."

केलंच. पेपरात सरांची वाक्यं उतरवली असती तर सुटले असते. नाही उतरवली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसले.

काही वर्षांनी आई वारली. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, मीही नाही. तिच्या तोंडून मी ताई म्हणवून घेतलं. याला माफी नाही, मी मागतही नाही.

आता मी हाच इतिहास शिकवते. रेनेसान्सपासून मॉडर्निझमपर्यंत. तो मी सोडणार नाही. आणि सरांच्या शब्दांत सांगणारही नाही.