बाजारात पाहिलेले दात

माझी डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा मारेगावातल्या दातांच्या दवाखान्यात मला अठ्ठावीस वर्षं झाली होती. झाडणं, हत्यारं उकळणं, पेशंटचं डोकं धरणं हे माझं काम. चावायला माझी तेवढी एकच दाढ उरली होती. ती गेली असती तर भाकर पाण्यात बुडवून खावी लागली असती. तशी खाणाऱ्या बाया मी रोज पाहते.

जुने डॉक्टर दाढेत चांदी भरायचे. ते वारल्यावर दवाखाना त्यांच्या सुनेनं घेतला. ती पांढरा मसाला भरते. हुशार आहे, हातही हलका आहे. पण मसाला पडला म्हणून परत आलेली माणसं खुर्चीत मीच बसवत होते, म्हणून माझ्या दाढेत चांदीच भरा म्हटलं.

तिनं मोबाईलवर एक मशीन दाखवलं. त्यात दोन दात एकमेकांवर आपटत होते. लाखो वेळा आपटले तरी मसाला निघत नाही, म्हणाली.

"मशीन काय खाते?" मी विचारलं.

"काही नाही, मावशी. नुसतं पाणी असतं."

"मंग त्याले आपल्या लोकाईचं तोंड काय समजन?"

ती चिडली नाही. म्हणाली, ज्यांचा मसाला पडतो तेच तुम्हाला दिसतात. ज्यांचा टिकला ते इथं कशाला येतील? परवा दाढ भरू, तोवर ठरवा.

हे मला लागलं. घरी आले तरी चैन पडेना. घासलेली भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मी पिशवी घेतली, भाजी काही घेतली नाही. दवाखान्यात येऊन गेलेला जो कोणी दिसेल त्याला थांबवून तोंड उघडायला लावलं. वांगी विकणारीनं उघडलं, तिचा पांढरा मसाला जसाच्या तसा होता. एसटीच्या कंडक्टरचाही टिकला होता. डॉक्टरांची सून खरी ठरत होती.

"बुढे, बकरं घ्याले आली का? दात पाहून राह्यली," पानठेलेवाला हसला. त्याचंही तोंड पाहिलं. जुन्या डॉक्टरांनी भरलेली चांदी काळी पडली होती, पण जागेवर होती, आणि हा तर दिवसभर गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा ठेवणारा. मग शिंपी सापडला. त्याचा पांढरा मसाला दोनदा पडला होता, उजवीकडचाच.

"खर्रा कोन्त्या बाजूले धरतो?"

त्यानं उजवा गाल ओढून दाखवला. तिथंच सुपारी दळली जात होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकाच जागी. पुढच्या कापूसवाल्याचंही तेच. तो डावीकडे धरायचा, आणि त्याचा मसाला डावीकडचाच गेला होता. वांगीवाली आणि कंडक्टर तर खर्र्याला शिवतही नव्हते. त्याचा गाल पाहता पाहता माझी जीभ आपोआप डाव्या गालात गेली. तिथं माझा खर्रा होता.

अठ्ठावीस वर्षं मी मागच्या नळावर चूळ भरून दवाखान्यात शिरत आले. जुन्या डॉक्टरांना कळलं नाही, त्यांच्या सुनेलाही नाही.

दाढ भरायच्या दिवशी खुर्चीत बसले. पेशंटच्या जागेवरून दिवा फार जवळ दिसतो. काय ठरलं, तिनं विचारलं.

"मॅडम, मी डाव्या बाजूले खर्रा धरतो."

तिचा हात थांबला. "कधीपासून?"

"तुमच्या लग्नाच्या आंधीपासून."

बाजारात पाहिलेलं सगळं तिला सांगितलं. खर्रा सोडा, एवढं ती कडक आवाजात म्हणाली, आणि सासऱ्याच्या कपाटातून चांदी काढली.

दाढ अजून शाबूत आहे, पण जीभ दिवसातून शंभरदा तिच्यावर फिरते. खर्रा सुटता सुटत नाही. सून आता प्रत्येक पेशंटला विचारते, खर्रा खाता का, कोणत्या बाजूला. सगळे नाही म्हणतात, पण खुर्चीत बसवताना मी त्यांचे गाल पाहिलेले असतात. मी त्यांच्या मागं उभी राहते आणि आपल्या गालावर बोट ठेवून तिला बाजू दाखवते.