चिमणीचं शटरिंग

शटरिंग करणाऱ्याला मी कधी सुतार मानलं नाही. स्लॅब किंवा कॉलम ओतायचा असला की आधी प्लायवूडचा साचा उभा करायचा, त्याला आतून तेल फासायचं, काँक्रीट घट्ट झालं की साचा खोलायचा आणि तीच लाकडं पुढच्या मजल्यावर न्यायची, हे त्याचं काम. म्हणजे जे बांधायचं ते मोडण्यासाठीच. त्याला रंधा लागत नाही, पटाशी लागत नाही. खिळासुद्धा तो पुरता ठोकत नाही. काढताना सोपं जावं म्हणून डोकं अर्धा इंच बाहेर ठेवतो. मी फिनिशिंगचा माणूस. दारं, कपाटं, जिन्याचे कठडे. रत्नागिरीकडच्या सुताराच्या घरात वाढलेला. सांध्यावरून बोट फिरवताना जरा कुठे अडखळलं, तर वडील अख्खं काम उसकटायला लावत. आणि इथे सौदीत माझ्या इकाम्यावरही, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरही ‘कारपेंटर’ आणि आमच्या शटरिंगवाल्याच्या इकाम्यावरही ‘कारपेंटर’. ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तो रायगडच्या किनाऱ्याकडचा. रियाधबाहेर अल सुलै इथे, गोदामांच्या मागे आमचा कॅम्प होता, आणि एका केबिनमध्ये आम्ही सहा जण. त्याची खाट माझ्या समोर. त्याने कधीतरी टाकाऊ प्लायचं एक टेबल ठोकलं होतं. चारही पाय चार दिशांना, आणि खिळ्यांना लुंगी अडकायची. तरी सगळे त्याच्यावर जेवायचे आणि वर त्याला शाबासकी द्यायचे. माझी कपाटं अल मलाझमधल्या साहेब लोकांच्या घरात. ती केबिनमधल्या कोणी पाहिली नव्हती. माझ्या पोटात दुखायचं हे आज कबूल करतो. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर अंगावर गेलो असतो.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत लढाई सुरू झाली आणि साइट बंद पडली. इराकची क्षेपणास्त्रं रियाधवर यायला लागली. त्यांत विषारी गॅस भरलेला असेल, खोल्या बंद करा, असं रेडिओ सांगायचा. कंपनीने साहेबांना मास्क दिले आणि आम्हांला चिकटपट्टी. प्लॅस्टिकचा एक रोल आणि दोन डझन चिकटपट्ट्या, एवढी आमच्या सहा जिवांची सोय. आमच्यातला केरळचा इलेक्ट्रिशियन लगेच खोलीचा सेनापती झाला. खिडकीला प्लॅस्टिक, दाराच्या फटीला ओला टॉवेल, दिव्याच्या बटणालासुद्धा चिकटपट्टी. दिवा लावायचा तर आधी पट्टी सोडवायची. मोठमोठी माणसं भिंतीवर मुंग्यांसारखी भोकं शोधत फिरत होती आणि मी खाटेवर पडून मजा बघत होतो.

राहिलं एकच भोक. एसी भिंतीत बसवला होता. त्याच्या वरच्या अंगाला, एसी आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये तीन-चार बोटांची फट. थंडीत एसी बंद, म्हणून त्या फटीत चिमण्यांनी गवत-कापूस भरून घरटं केलेलं. खुर्चीवर उभं राहून पाहिलं तर आतून दिसायचं. फेब्रुवारीत तिथे तीन अंडी होती.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, “ये सब निकालो. अंदर-बाहर दोनों तरफ से कपड़ा ठूँसो, टेप मारो, खलास.”

शटरिंगवाला खाटेवरून उठला. “थांबा जरा. अंडी हायेत. मी तेंना दुसरं घर करतो भायेर. शुक्रवारपर्यंत द्या मला.”

खरं म्हणजे काही काढायची गरजच नव्हती. हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. आतल्या बाजूने फटीवर एक लाकडी पट्टी मारायची, तिच्या कडांना चिकटपट्टी लावायची. घरटं पट्टीच्या मागे, बाहेरच्या अंगाला राहिलं असतं. गॅस आत आला नसता आणि चिमणीलाही पत्ता लागला नसता. चौकटीला पट्टी मारणं हे माझं रोजचं काम. दहा मिनिटं लागली असती. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली. म्हटलं, बघू तरी हा ‘कारपेंटर’ काय दिवे लावतो.

त्याने चांगलेच लावले. साइटवरून शटरिंगचं जाडजूड प्लाय आणलं. गुण्या न लावता, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने कापलं. पेटी एवढी मोठी की आत कोंबडी सहज बसली असती. दरवाजाचं भोक पाडायला गोलाकार खिळे ठोकले आणि मधला तुकडा हातोडीने उडवला. कडेला कुसळं तशीच. माझी पटाशी मागायला आला तेव्हा मी म्हटलं, “भाई, ती नाजूक कामाची आहे.” तो “बरं” म्हणाला आणि गेला. त्याला टोमणा लागत नसे. याचाही मला राग होता.

मग त्याने ते केलं, जे फक्त शटरिंगवालाच करील. पेटी जोडायच्या आधी चिंधी घेतली, साइटवरच्या डब्यातलं काळं तेल तिच्यावर ओतलं आणि आतून सगळ्या फळ्यांना निगुतीने फासलं. काँक्रीट चिकटू नये म्हणून फासतात ते तेल. चिमणी काय ओतायची होती? हाताला सवयच ती. त्याला कळलंही नाही आपण काय करतोय. मी समोर बसून चहा पीत होतो. हसू आवरेना म्हणून मी तोंड फिरवलं. सांगितलं मात्र नाही. दुपारी वास आला तेव्हा त्याला उमगलं. मग दोन दिवस तो साबणाच्या पाण्याने, वाळूने, शेवटी काचेच्या तुकड्याने फळ्या खरवडत बसला. माझा रंधा माझ्या खाटेखाली होता.

गुरुवारी पेटी बाहेर, एसीच्या शेजारी टांगली. खिळ्यांची डोकी अर्थात अर्धा इंच बाहेर. चिमणा येऊन छपरावर बसला, भोकात डोकावला आणि उडाला. शटरिंगवाल्याने भाताची शितं टाकली, उशीतला कापूस काढून भोकाला लावला. चिमण्यांनी कापूस उचलला आणि नेऊन जुन्या घरट्यात भरला. सगळी केबिन हसली, त्यात माझा आवाज मोठा होता. तो वळून मला म्हणाला, “मिस्त्री, तू जाणकार. काय चुकलं सांग ना.”

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, “चुकलं काय विचारतोस? बरोबर काय आहे ते विचार.” पुन्हा सगळे हसले. एवढं टाळीचं वाक्य सुचल्यावर पुढे पट्टीचं सांगायला कोण बसतो?

त्याच संध्याकाळी भोंगा वाजला. आम्ही सहा जण नाकाला ओले रुमाल धरून त्या फटीकडे बघत बसलो. लांब कुठेतरी दोन धमाके झाले. गॅस आला नाही, पण इलेक्ट्रिशियनचं अवसान गेलं. तो रडला. मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

शुक्रवारी सकाळी मुदत संपली. इलेक्ट्रिशियन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खुर्चीवर चढायला लागला तेव्हा शटरिंगवाल्याने त्याला बाजूला केलं. स्वतः बाहेर गेला, ड्रमवर चढला आणि दोन्ही हातांनी घरटं अख्खं उचलून पेटीत ठेवलं. अंड्यांना बोट लावलं नाही. मग फट बुजवायची पाळी आली तेव्हा सगळे माझ्याकडे वळले, “मिस्त्री, आप करो. आपका हाथ साफ है.” एवढे दिवस मला हेच ऐकायचं होतं. मी पट्टी रंधली, कडा मारल्या, आतून बसवली. चार खिळे, डोकी लाकडात गडप. बाहेरून चिंध्या कोंबायची गरज पडली नाही. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळ्यांनी वाहवा केली. शटरिंगवाला पट्टीकडे बघत राहिला.

चिमण्या दोन दिवस एसीवर आपटत होत्या. रिकाम्या फटीत शिरायच्या, बाहेर यायच्या, ओरडायच्या. पेटीच्या छपरावर बसायच्या; आत एकदाही गेल्या नाहीत. रविवारी त्याने हात घालून पाहिलं. अंडी गार पडली होती.

त्याने ती गोदामामागच्या वाळूत पुरली. मग पेटी खाली उतरवली आणि खोलायला बसला. एकेक खिळा कसा सुरेख निघत होता. अर्धा इंच बाहेर असलेलं डोकं हातोडीच्या चिमट्यात धरायचा, एक झटका द्यायचा. फळीला चीरसुद्धा नाही. खिळे दगडावर सरळ करून डब्यात टाकत होता. मी दारात उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम मला कामासारखं दिसलं.

वर न बघता त्याने विचारलं, “मिस्त्री, पट्टी तू आतनं मारलीस. मग घरटं भायेर ऱ्हायलं असतं तरी चाललं असतं ना?”

“चाललं असतं,” मी म्हणालो.

त्याने पुढचा खिळा काढला, सरळ केला. “तुला आधी ठाव होतं काय?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि मी जे सांगेन ते मानायला तयार होता. सुतारकामातलं एखादं काम मला येत नाही किंवा सुचलं नाही, असं मी तोवर कोणापुढे म्हटलं नव्हतं, वडिलांपुढेसुद्धा नाही.

“नाही रे,” मी म्हणालो, “माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“ऱ्हातं कधीकधी,” तो म्हणाला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून सरकून बसायला जागा करून दिली.